जवळचे गाव कोणते?



एलुल महिन्याच्या सुरुवातीस आपण पाराशा शोफतीम वाचतो. न्यायाधीश कसे नेमावेत, राजाने घोडे फार वाढवू नयेत, वेढा घालताना फळझाडे तोडू नयेत, असे पुष्कळ त्यात आहे. अगदी शेवटी, वाचणाऱ्याचा घसा सुकलेला आणि ऐकणाऱ्यांचे लक्ष घरच्या जेवणाकडे लागलेले असते तेव्हा, अनुवादाच्या २१ व्या अध्यायातील पहिली नऊ वचने येतात. त्यांच्याकडे फारसे कोणी कान देत नाही. मीही पुष्कळ वर्षे दिला नाही. आज त्यांच्याविषयीच चार शब्द लिहिते.

विधी असा आहे. उघड्या रानात कोणा माणसाचे प्रेत सापडले, त्याला कोणी मारले हे ठाऊक नाही. तर वडील मंडळींनी व न्यायाधीशांनी गावाबाहेर पडावे आणि प्रेतापासून चहूकडच्या गावांपर्यंतचे अंतर मोजावे. जे गाव सर्वांत जवळचे ठरेल त्या गावच्या वडिलांनी, मानेवर कधी जू न घेतलेली एक कालवड, जिथे नांगर फिरला नाही की बी पडले नाही अशा ओढ्याच्या दरीत न्यावी व तिथे तिची मान मोडावी. मग हात धुऊन सांगावे की, आमच्या हातांनी हे रक्त सांडले नाही, आमच्या डोळ्यांनी ते पाहिले नाही.

मिश्नेत सोता नावाच्या भागात आपल्या ज्ञानी पुरुषांनी इथे एक साधा प्रश्न विचारला आहे. गावच्या पांढऱ्या दाढीच्या वडिलांनी खून केला असे कोणाच्या मनात तरी येईल काय? मग त्यांनी हात कशासाठी धुवायचे? त्यांचे उत्तर असे की, वडील निराळीच गोष्ट सांगत असतात. तो वाटसरू आमच्या दारी आला आणि आम्ही त्याला उपाशी लावून दिले असे झाले नाही. तो निघाला आणि सोबत न देता आम्ही त्याला एकटा सोडला असेही झाले नाही. भाकरी आणि सोबत, एवढ्या दोनच गोष्टींचा जाब गावाला द्यायचा आहे.

तालमूदमध्ये आणखी एक बारकावा आहे. प्रेत एखाद्या गावाच्या अगदी वेशीपाशी पडलेले असले, जवळचे गाव कोणते याबद्दल शंकाच नसली, तरीही मोजावे. कारण मोजण्याचे काम करणे ही स्वतःच मित्सवा आहे. मी ३१ वर्षे शाळेत गणित शिकवले. वर्गातली हुशार मुले विचारत, “उत्तर दिसतेच आहे, मग पायऱ्या कशाला लिहायच्या?” त्यांना मी ओरडत असे. तालमूदातील हे कारण तेव्हा ठाऊक असते तर ओरडले नसते, तेच सांगितले असते.

आता जे घडले ते सांगते.

जर्मनीच्या जमिनीवर पाय ठेवणार नाही, असे मी घरात कैक वेळा बोलून दाखवले होते. आपण बेने इस्राएल त्या आगीत सापडलो नाही. त्या वर्षांत आपली माणसे मुंबईत, पुण्यात, कोकणात सुखरूप होती. परंतु इस्राएलात आल्यावर पहिल्या शाळेत माझ्या शेजारच्या वर्गाला शिकविणाऱ्या बाईंच्या हातावर आकडा होता. त्या बाईंनी मला हिब्रू नीट बोलायला शिकवले. त्यांच्यानंतर माझे मत ठरून गेले होते. पुढे मुलाला नोकरी लागली ती नेमकी फ्रांकफुर्टच्या विमानतळावर, मालवाहतुकीच्या कचेरीत. चार वर्षे मी गेले नाही. मग सुनेचे बाळंतपण आले. तिची आई आजारी. अशा वेळी तत्त्वे किती टिकतात ते बायकांना सांगायला नको. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी गेले.

त्यांचे घर वाल्डॉर्फला आहे. वाल्डॉर्फ म्हटले की कॉम्प्युटरच्या धंद्यातल्या आपल्या मुलांना हायडेलबर्गजवळचे वाल्डॉर्फ आठवते, जिथे एस. ए. पी. कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. ते हे नव्हे. हे विमानतळाच्या दक्षिणेला लागून असलेले, १९७७ साली शेजारच्या मोर्फेल्डनशी जोडून एक केलेले गाव. ते वसवले वाल्डेन्सियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी. स्वतःच्या देशात धर्मासाठी छळ झाला म्हणून आल्प्सच्या खोऱ्यांतून निघालेली १४ कुटुंबे १६९९ साली इथे येऊन राहिली. हे ऐकल्यावर मला आपल्या नवगावची आठवण न होती तरच नवल. गलबत फुटून किनाऱ्याला लागलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया, मिळून १४. असो, त्याकडे पुढे येऊ.

डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितले आहे. मुलाने मनगटावर पावले मोजणारे घड्याळ बांधले. रोज १०,००० झाली पाहिजेत म्हणाला. (हा आकडा कोणा वैद्याच्या शास्त्रातून आलेला नसून १९६५ साली जपानात विकायला काढलेल्या पावलेमोजणीच्या यंत्राच्या नावातून आला, हे मागाहून वाचले आणि हसू आले. रम्बाम स्वतः वैद्य होते. मनुष्याने अंगमेहनत करावी, पोट तट्ट भरेपर्यंत जेवू नये, म्हणजे आजार जवळ येत नाही, असे त्यांनी हिल्खोथ देओथमध्ये लिहिले आहे. आकडा दिलेला नाही.) तेव्हा नातीला बाबागाडीत घालून मी सकाळी गावाच्या उत्तरेच्या जंगलात जाऊ लागले. उंच झाडे, खाली नेचे, मध्येच डोक्यावरून घरघरत उतरणारे विमान. जागा छान होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी वाटेच्या कडेला एक फलक दिसला, पुढे दुसरा, आणि दुसऱ्याजवळ सत्तरी गाठलेला एक गृहस्थ बादलीत फडके बुडवून फलकावरचे शेवाळ पुसत होता.

सुनेला घरी येऊन विचारले. तिने सगळे सांगितले. तिला ठाऊक होते. मला सांगायला ती धजली नव्हती.

१९४४ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या २२-२३ तारखेला आऊश्वित्झहून एक आगगाडी इथे आली. तिच्यात हंगेरीच्या १,७०० यहुदी स्त्रिया होत्या, बऱ्याचशा कोवळ्या वयाच्या मुली. विमानतळावर नव्या जेट विमानांसाठी काँक्रीटची धावपट्टी करायची होती. एका बांधकाम कंपनीच्या कामावर त्यांना जुंपले. सिमेंटची पोती उचलणे, झाडांची मुळे खणणे, रेती ओढणे. थंडी पडू लागली तेव्हा सिमेंटच्या रिकाम्या कागदी पिशव्या त्या कपड्यांच्या आत गुंडाळीत, आणि सापडल्या तर त्यासाठी मार खात. स्वयंपाकघराखाली तळघर होते, तिथे त्यांना मारीत. काही जणी तिथेच मेल्या. नोव्हेंबरच्या २४ तारखेला छावणी मोडली आणि उरलेल्यांना राव्हेन्सब्रुकला पाठवले. तिथून आणि पुढच्या छावण्यांतून परत आलेल्या थोड्याच.

मी शिक्षिका, तारखा ऐकल्या की पंचांग काढते. १९४४ च्या ऑगस्टची २३ तारीख म्हणजे एलुलची चौथी. त्या आठवड्याचा पाराशा शोफतीम. रोश हशाना, किप्पूर, सुक्कोथ, सगळे सण त्या बायकांनी त्याच जंगलात काढले. आणि जवळचे गाव होते वाल्डॉर्फ.

युद्ध संपल्यावर बराकी गेल्या, तिथे रान वाढले आणि लोक बोलेनासे झाले. १९७२ च्या सुमारास या भागातील काही तरुण बुखेनवाल्डचे स्मारक बघायला गेले. तिथल्या नकाशावर छावण्यांची नावे होती. त्यांत त्यांना आपल्याच गावाचे नाव दिसले! घरी येऊन विचारू लागले, तर पुष्कळांना ते आवडले नाही. तरीही काही वर्षांनी तिथे एक दगड उभा राहिला. पुढे शाळेतली मुले या कामात पडली. त्यांनी जिवंत असलेल्या बायका शोधून काढल्या, त्यांना पत्रे लिहिली, त्यांना बोलावले. २००० साली जंगलातून ही फलकांची वाट केली. २००४ साली एक न्यास स्थापन झाला. त्याला मार्गित होर्वाथ या तिथे राबलेल्या स्त्रीचे नाव आहे. तिच्या वेठबिगारीच्या भरपाईचे पैसे तिच्या मुलाने त्या कामी दिले. त्यानंतर देशोदेशीची तरुण मुले सुट्टीत येऊन कुदळ-फावड्याने ते तळघर मातीतून मोकळे करू लागली. आता त्यावर छप्पर आहे. मी आत उतरले नाही. नात माझ्याबरोबर होती. वरूनच पाहिले.

दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ पुन्हा भेटला. त्याचे इंग्रजी आणि माझे माझगावचे इंग्रजी, काम भागले. पूर्वी रेल्वेत होता. कोणी नेमलेला नाही, पगार नाही. आठवड्यातून दोनदा येतो, वादळाने पडलेल्या फांद्या उचलतो, काटेरी वेली कापतो, फलक पुसतो. जर्मन लोक अशा बिनपगारी कामाला ‘मानाचे पद’ अशा अर्थाचा एक शब्द वापरतात. हा माणूस मात्र तो शब्द वापरत नव्हता. “डॉक्टरने चालायला सांगितले आहे,” एवढेच म्हणाला. म्हणजे आमचे कारण एकच निघाले. तरुणपणीही तो या रानात चालत असे. १९८४ साली सुरू झालेल्या पश्चिमेच्या धावपट्टीला इथल्या लोकांचा विरोध होता आणि त्यासाठी ते कैक वर्षे रविवारी जंगलात फेऱ्या काढीत. त्यांत तो असे.

मी त्याची बादली धरू लागले. नात झोपलेली असे. दुसऱ्या आठवड्यात त्याने आपणहून सांगितले. तो स्वतः युद्धानंतर जन्मलेला. त्याच्या आईने म्हातारपणी, मरणाच्या आदल्या वर्षी, पहिल्यांदा तोंड उघडले. त्या बायकांची रांग कामावर जाताना तिने पाहिली होती. एकीने तिच्याकडे पाहून हात तोंडाशी नेला, भाकरीची खूण केली. आईने खिडकी लावून घेतली. पहारेकरी बंदूकवाले होते, घरात लहान मूल होते, हे सारे खरे. “पण खिडकी लावून घेतली,” तो म्हणाला. मग काही वेळ फडके पिळीत राहिला. पुढे म्हणाला, “आमच्या घरापासून त्या दगडापर्यंत २,३४० पावले आहेत. मी मोजली आहेत.”

वाचकहो, या माणसाने तालमूद पाहिलेला नाही. त्याला कालवड ठाऊक नाही, ओढा ठाऊक नाही. प्रेतापासून गावापर्यंतचे अंतर मोजायचे असते हे त्याला कोणी शिकवले? खून करणारे फार झाले तेव्हा हा विधी बंद पडला असे मिश्ना सांगते. विधी बंद पडला, प्रश्न तसाच राहिला, आणि तो एका सेवानिवृत्त रेल्वेवाल्याच्या पायांत जाऊन बसला.

परत आल्यावर माझ्या एका शेजारणीने मला चांगलेच फैलावर घेतले. “जर्मन माणसाचे ओझे तू का हलके केलेस? तू कोण माफ करणारी?” तिचे म्हणणे मी सोडून देत नाही. माफी देण्याचा अधिकार माझा नाही, तो त्या १,७०० जणींचा. त्याने माफी मागितलीही नाही. मी बादली धरली. शेवाळ पुसल्यावर नावे वाचता येतात, एवढेच त्या कामाचे फळ. परंतु त्या बादलीने माझ्या मनात दुसरेच एक पाणी ढवळले, ते लिहिण्यासाठीच हा सारा प्रपंच आहे.

नवगावकडे येऊ. आपल्या वाडवडिलांनी सांगितलेली गोष्ट तुम्हांला पाठ आहे. गलबत फुटले, १४ जीव वाचले, बाकीची प्रेते लाटांनी किनाऱ्यावर आणली, ती दोन ढिगाऱ्यांखाली पुरली, पुरुषांची वेगळी, स्त्रियांची वेगळी. आपण ही गोष्ट नेहमी वाचलेल्यांच्या बाजूने सांगतो. ती एकदा गावाच्या बाजूने सांगून पाहा. किनाऱ्यावर प्रेते पडली आहेत. सर्वांत जवळचे गाव नवगाव. चौदा अनोळखी माणसे ओल्या कपड्यांनी उभी आहेत. भाषा निराळी, देव निराळा. त्या गावाने काय केले? आपण आज आहोत, यातच उत्तर आहे. कोणी तरी भाकरी दिली. कोणी तरी वाट दाखवली, घाण्यावर काम दिले, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून हसून ‘शनिवार तेली’ म्हटले, पण राहू दिले. त्या नऊ वचनांतील जाब द्यायची वेळ आली असती तर नवगावच्या वडिलांनी हात न धुताच वर केले असते.

आणि आपण? २०१६ साली मी कोकणात गेले होते. नवगावला गेलो, अलिबागचे सिनेगॉग पाहिले, एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा केला, फोटो काढले. नंतर आजीच्या गावी गेलो. गावाचे नाव लिहीत नाही; तुमच्या आजीचे गावही तसेच असेल. आपले कब्रस्तान करवंदीच्या जाळीत गेलेले. एक वृद्ध मुसलमान चाचा पुढे आले. त्यांनी हातानेच गवत उपटीत उपटीत आजीचा दगड शोधून दिला. बराच वेळ लागला. मी झाडाखाली सावलीत उभी होते, नवी चप्पल खराब होईल म्हणून. ते म्हणाले, “बाई, तुमची माणसं गेली, दगड आमच्याकडं ठेवून गेली.” रागाने म्हणाले नाहीत. मी ५०० रुपये काढले. त्यांनी घेतले, घडी करून खिशात ठेवले, आणि शेजारच्या दगडावरचे गवत काढू लागले. तो दगड कोणाचा हे मी विचारलेही नाही. गाडी थांबली होती.

वाल्डॉर्फच्या रानात तो माणूस फडके पिळीत असताना मला ते ५०० रुपये आठवले. पैसे देणे वाईट नव्हे. त्सदाका पैशानेच होते. पण ज्ञानी पुरुषांनी त्सदाका आणि गमिलुथ हसादिम यांत फरक केला आहे तो उगीच नाही. पहिली पैशाने होते, दुसरी पैशाने आणि अंगानेही. पहिली गरिबाला, दुसरी श्रीमंतालाही. पहिली जिवंताला, दुसरी मेलेल्यालाही. मी पहिली केली आणि दुसरीच्या दारातून परत फिरले, तेही चपलेसाठी.

आता थोडे आमच्या अश्दोदविषयी. आमच्या पिढीचा एक मोठा आजार आहे, तो म्हणजे खुर्ची. निवृत्त झालो, गुडघे दुखतात, टीव्ही आहे. ज्यांना सांभाळून चालता येते तेही समुद्रावर तासभर फिरून येतात आणि आपली तब्येत राखतात. चांगले आहे. पण त्याच तासात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, कोणी तरी आपली म्हातारी आठवडाभर जिना उतरलेली नसते. जवळचे गाव म्हणजे नकाशावरचेच असते असे नाही, कधी कधी ते वरच्या मजल्यावरही असते.

रम्बाम म्हणतात की पाहुण्याला सोबत देण्याचे पुण्य इतर सर्व पाहुणचाराहून मोठे, आणि ती रीत अव्राहम अवीनूने घालून दिली. किती लांब सोबत द्यावी याचीही मापे आहेत: गुरूने शिष्याला वेशीपर्यंत, मित्राने मित्राला शब्बाथच्या हद्दीपर्यंत, शिष्याने गुरूला त्याहूनही पुढे. आणि ज्याला तेवढे चालवत नाही त्याच्यासाठी तालमूदमध्ये म्हटले आहे की गावात चार अम्मा, म्हणजे आपल्या भाषेत चार हात, सोबत दिली तरी ती वाया जात नाही. गुडघेदुखीवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

सिमहाथ तोरानंतर आम्ही आठ जणींनी एक साधे काम सुरू केले. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी समुद्राकडे न जाता आम्ही वस्तीतून चालतो. पाच इमारती, अकरा घरे. वर जाताना पाव-दूध, खाली येताना कचऱ्याची पिशवी. आणि ज्यांना उतरायचे असेल त्यांना हाताला धरून बाकापर्यंत. पहिल्या दिवशी एका आजींना तीन मजले उतरायला पाऊण तास लागला. खाली आल्यावर त्या म्हणाल्या, “हे झाड केव्हा लावले?” झाड सहा वर्षांचे आहे. माझ्या घड्याळात त्या दिवशी ४,००० पावलेसुद्धा झाली नाहीत. पुरुषमंडळींपैकी अजून कोणी आलेले नाही. मिनयानसाठी दहा जमतात, कचऱ्याच्या पिशवीसाठी एक नाही; असो, ते हे वाचत असतील.

आता कोकणाचे. हनुक्का आटोपला की, म्हणजे तिकडे उन्हाचा चटका सुरू होण्याआधी, आम्ही सहा जण बारा दिवसांसाठी जात आहोत. यावेळी फोटो शेवटच्या दिवशी काढायचे ठरले आहे. आजीच्या गावच्या त्या कब्रस्तानापासून सुरुवात. चाचांना फोन केला होता. ते आता स्वतः येऊ शकत नाहीत, नातवाला पाठवतो म्हणाले, आणि सकाळी सातला या, दहानंतर बायकांना ऊन सोसायचे नाही, असेही बजावले. त्यांच्यासाठी मी काय आणू असे विचारले तर म्हणाले, “दगडांवरची नावं आम्हाला वाचता येत नाहीत. कुणाकुणाची आहेत ते मराठीत लिहून द्या.” तेव्हा हिब्रू अक्षरे चांगली वाचणारा एक जण हवा आहे. दोन जागा रिकाम्या आहेत. खर्च ज्याचा त्याने करायचा. वाकता आले पाहिजे; वाकता येत नसेल तर यादी लिहिता आली पाहिजे. विळे आणि कोयते तिकडेच अलिबागच्या बाजारात मिळतात. हातमोजे मात्र इथूनच न्यावेत, करवंदीचे काटे फार लागतात, आणि चपला जुन्या घालाव्यात.